शेवटच्या क्वार्टरचा गुण

बास्केटबॉलच्या सामन्याचा तिसरा क्वार्टर संपला तेव्हा नदीनचा संघ फलकावर एक्केचाळीस–बारा असा मागे होता आणि तिने जर्सी अर्धी वर ओढली होती.

"आजोबा, मी खेळणार नाही. आज नाही, कधीच नाही."

लेस्टर पिंकनी तिच्यासमोर वाकले. ही बाहेर पडली की मागोमाग बाकीच्या मुलीही बाहेर पडणार, हे त्यांना दिसत होतं.

"काढ हवी तर. आधी जरा बस. हा हॉल कोणाचा होता?"

"लँटर्न्सचा," उंच कॅसी कंटाळून म्हणाली. "दर शनिवारी सांगता, कोच."

"जिंकलेलं सांगतो. आज हरलेलं ऐका."

"तुम्ही हरायचात?"

"अगं, तो तर आमचा नेम होता."

लेस्टर ज्यात खेळायचे तो लँटर्न्सचा संघ पगारी, पण पगारात बूट आले तर मोजे येत नसत. मोठ्या लीगने दारातूनच परत पाठवलेली पोरं ती. बर्फात बस रुतली की खेळाडूच खाली उतरून ढकलायचे. पुढच्या रांगेत कोळशाच्या खाणीतले म्हातारे बसत. पाहुण्यांनी फ्री थ्रोसाठी चेंडू उचलला की ते असे खोकायचे, की नेम चुकलाच पाहिजे. लेस्टर चेंडू उचलायचे तेव्हा मात्र तेच म्हातारे श्वास रोखून धरत. लेस्टर दूर दक्षिणेतून एक पेटी घेऊन आलेले. राहायला खाणकामगाराची विधवा, मिसेस युर्कानिन, हिच्याकडे. चार धिप्पाड पोरांना ती कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण पोटभर घालायची.

मग खाण बंद पडली. मालकाने संघ दूरच्या शहराला विकला. इथला शेवटचा सामना, आणि तीन क्वार्टरनंतर लँटर्न्स तीस गुणांनी मागे.

"त्या लीगमध्ये एक गंमत होती," लेस्टर म्हणाले. "सामना कोणीही जिंको, प्रत्येक क्वार्टर जिंकणाऱ्याला वेगळा गुण मिळे. पण आम्हाला त्याचं काय? मी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो. तर मिसेस युर्कानिन खुर्चीवरून उठून थेट बाकापाशी आली. म्हणते, 'काय रे लेस्टर, वाढलेल्या ताटावरून उठतोस? माझ्या घरात असं चालतं का?'"

"मग?" नदीनने विचारलं.

"मग काय, जेवलो. तो क्वार्टर एका गुणाने जिंकला. सामना हरलो, पण म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. पाहुण्यांना कळेना, ही माणसं नाचतात कशाला. तो गुण कुठे उपयोगी पडणार होता? सकाळी संघच उरला नाही."

"तुम्ही का नाही गेलात?"

लेस्टर पुढच्या रांगेकडे पाहत राहिले. तिथे आता मुलींचे कोट पडले होते.

"एवढ्याशा गुणासाठी जे उभे राहिले, त्यांना सोडून जाववेना."

शिट्टी वाजली. नदीनने जर्सी खाली ओढली.

"फलकाकडे बघू नका," लेस्टर म्हणाले. "आपला हिशोब शून्यापासून."

सामना सत्तेचाळीस–अठरा असा संपला. धापा टाकत नदीन आली.

"सहा–सहा. बरोबरीला काय मिळायचं?"

"दोघांना अर्धा अर्धा."

"अर्धा," तिने मागे वळून कॅसीला ओरडून सांगितलं.

मुली गेल्यावर लेस्टरनी धुण्यासाठी पिशवीतल्या जर्सी मोजल्या. एक कमी होती. कोटाखाली तीच घालून नदीन बाहेर बर्फात त्यांची वाट पाहत उभी होती.