ग्लुखोवचा न दाखवलेला सिनेमा

नांदेडहून सिंधुताईंचा फोन आला तेव्हा उमाशंकर हलकुडे लातूरमधल्या आपल्या डाळमिलच्या आवारात फेऱ्या मारत होते. मिल आता पुतण्या वीरेश बघायचा. उमाशंकरांना तिथं काहीच काम नव्हतं, पण घरी बसवत नसे. ऑफिसात खुर्ची टाकून दिली तरी पाच मिनिटांत उठायचे, गोदामाकडं जायचे, तुरीच्या पोत्यावर हात ठेवायचे, परत यायचे. पोती उचलणारे हमालही सरावले होते.

"हलकुडेअप्पा, एक सिनेमा सापडलाय," सिंधुताई म्हणाल्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या नांदेडात फिल्म क्लब चालवत होत्या. "रशियन आहे. तुमच्या ग्लुखोवचा."

उमाशंकर जागीच थांबले. मागून येणारा हमाल त्यांच्यावर आदळता आदळता वाचला.

"कोणता?"

"स्टेशनचा. ते गाव गाडीची वाट बघतं तो."

"तो सिनेमा न्हाईच ताई. तो पुरा झालाच न्हाई."

"झालाय अप्पा. तिकडच्या सिनेमा संग्रहालयानं जुने सिनेमे इंटरनेटवर टाकलेत, त्यात सापडला. मी शेवटपर्यंत पाहिला. भाषा कळली नाही, पण शेवट सांगू का तुम्हाला?"

"नका!" उमाशंकर इतक्या जोरात ओरडले की वीरेश ऑफिसातून बाहेर आला.

सिंधुताईंना हवं होतं ते साधंच होतं. सिनेमाखाली कोणत्याच भाषेत अक्षरं येत नव्हती. उमाशंकरांनी माइक घेऊन बसावं आणि पडद्यावर माणसं बोलतील तसं मराठीत सांगत जावं. हे काम त्यांनी मॉस्कोत कितीदा केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. इंजिनिअरिंग शिकायला स्कॉलरशिपवर गेलेला लातूरचा पोरगा संध्याकाळी हिंदी सिनेमे रशियनमध्ये सांगून चार पैसे मिळवायचा. त्यातूनच पुढं तो ग्लुखोव नावाच्या, विनोदी सिनेमे काढणाऱ्या दिग्दर्शकाचा सहायक झाला, हे अख्ख्या लातूरला ठाऊक होतं. गेली चाळीसेक वर्षं उमाशंकर सगळ्यांना सांगत आले होते, की जगात ग्लुखोवइतकं कुणी कुणाला हसवलेलं नाही. लातुरात कुणी त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, त्यामुळं कुणी ते खोडूनही काढलं नव्हतं.

सिंधुताईंनी सिनेमा मोबाइलवर पाठवला. उमाशंकरांनी तो चालू केला, सुरुवातीचा बँड ऐकला आणि बंद केला. दोन दिवसांनी परत चालू केला, परत बंद. जेवताना ताटावरून उठू लागले. बायको अंबिका हे बघत होती. ती उदगीरची, बोलायला फटकळ.

"अय्यो, काय चाललंय हे? बघायचा तं बघा, न्हाई तं त्या बाईला न्हाई म्हणून टाका."

"बघायचा हाय. एकट्यानं न्हाई बघायचा."

"मग चला नांदेडला. मी येते."

रविवारी सकाळी दोघं नांदेडच्या एसटीत बसले. अंबिकानं धपाटे बांधून घेतले होते. लातूर सुटलं तसे उमाशंकर खिडकी उघडू लागले, बंद करू लागले. चाकूरला गाडी लागली आणि ते एकदम उठले.

"कुठं?"

"मी परत जातो. तू सांग त्यांना, तब्येत बरी न्हाई."

आणि खरंच उतरले. अंबिका पिशवी घेऊन मागोमाग उतरली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मग बेल मारली. गाडी गेली.

चाकूरच्या स्टँडवर सिमेंटच्या बाकावर अंबिका बसली. उमाशंकर तिच्यासमोर येरझाऱ्या घालत राहिले. तिनं धपाटा काढून पुढं केला, त्यांनी घेतला नाही.

"कशाला भ्यायलात?" तिनं विचारलं.

"लोक हसले न्हाईत तर?"

"तर न्हाई हसले. तुम्ही थोडाच काढलाय सिनेमा?"

उमाशंकरांनी आणखी एक फेरी मारली. तिनं पुन्हा विचारलं, "लगीन झाल्यापासून मी त्या माणसाचं नाव ऐकून राहिले. होता कोण तो, ते एकदा नीट सांगा. पुढली गाडी येईस्तोवर येळच हाय."

मग त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्याच.

"व्होल्गा नदीकाठच्या एका बारक्या गावचे ते. बाप सर्कशीत घोडे सांभाळायचा. महायुद्धात पोरगा फौजेबरोबर नाटक करत फिरायचा, जखमी सैनिकांना हसवायला. एकदा जवळ बॉम्ब पडला, डावा कान गेला. त्यांच्या आडनावाचा अर्थ बी बहिराच होतो. ते म्हणायचे, सरकारनं आडनावाप्रमाणं करून दिलं. लढाईनंतर सिनेमा शिकले. पहिल्या सिनेमात एक न्हावी होता, त्याला प्रत्येक गिऱ्हाईक गुपित सांगायचं. तो इतका चालला की दुकानापुढच्या रांगेत लोक त्यातली वाक्यं बोलायचे. दुसरा चालला, तिसरा चालला. सरकारनं पदक दिलं. मी भेटलो तवा लई मोठं नाव होतं."

"तुम्हाला कसे भेटले?"

उमाशंकर पहिल्यांदा हसले. "मी एक हिंदी सिनेमा सांगत होतो. आई मरते असा सीन. मला 'मंगलसूत्र' शब्दाला रशियन शब्द सुचंना. मी घाबरून भलतंच बोललो, अख्खं थेटर हसलं. संपल्यावर एक उंच माणूस आला. म्हणाला, रडायच्या जागी तू लोकांना हसवलंस. उद्या स्टुडिओत ये."

"आणि तुम्ही गेलाव."

"गेलो. मशीनचं शिकणं राहिलं बाजूला. सेटवर ते कधी हसायचे न्हाईत. एका जागी उभं राहायचे न्हाईत. एक सीन झाला की झाडूवालीला बोलवायचे, तिला दाखवायचे. ती हसली न्हाई तं परत काढायचे. नट वैतागायचे."

मग स्टेशनचा सिनेमा आला. गावाला वरून हुकूम येतो, स्टेशन बांधा. गाव मोठं झोकदार स्टेशन बांधतं, पण गाडीच्या वेळापत्रकात ते गावच नाही. दर गुरुवारी गाडी धडधडत निघून जाते. तरी गाव नवे कपडे घालून, बँड घेऊन, प्लॅटफॉर्मवर उभं राहून जाणाऱ्या गाडीला हात हलवतं, कारण स्वागत करायचाही हुकूम आहे.

"शेवट सोडून सगळा काढला होता," उमाशंकर म्हणाले. "तेवढ्यात वरच्या साहेबलोकांनी बघायला मागितला. टेबलामागं बसले सगळे. मी मागं उभा होतो. अंबिका, ती माणसं हसली गं! एक टकल्या साहेब तर रडेपर्यंत हसला. मग त्यानं डोळे पुसले, चष्मा घातला आणि म्हणाला, 'आम्ही हसलो, हेच चुकलंय.' शेवटी गाडी थांबलीच पाहिजे, लोक आनंदानं गाडीत बसले पाहिजेत, तर पुढं बघू. ग्लुखोव उठून चालू लागले. घरी आले आणि रात्रंदिवस तेच. मला विचारायचे, थांबवू का न्हाई थांबवू? मी म्हणायचो, न्हाई. सकाळी परत तेच. आणि तवाच इकडं आमचे वडील वारले."

पुढचं अंबिकाला माहीत होतं. बसलिंगप्पा हलकुडे गेले, मिल उघडी पडली, थोरला मुलगा म्हणून उमाशंकरांना परत यावं लागलं. पुढं मॉस्कोतल्या एका मित्रानं फोनवर एवढंच कळवलं, की ग्लुखोवना कारखान्यातल्या सुरक्षिततेवरचे माहितीपट काढायला लावलंय. मग देशच बदलला, स्टुडिओत फर्निचरचं गोदाम झालं, आणि एका हिवाळ्यात ग्लुखोव गेले.

"थांबवली का न्हाई, ते मला कधी कळलंच न्हाई," उमाशंकर म्हणाले. "थांबवली असली तं साहेबलोकांपुढं वाकले असं होतं. मला ते बघायचं न्हाई. आणि बघितल्याबिगर राहवत बी न्हाई."

अंबिकानं धपाट्याचा डबा बंद केला. "तुम्ही न्हाई बघितलं म्हणून काय बदलणार हाय त्यात? ती बघा आली गाडी. चढा."

ते चढले.

नांदेडच्या कॉलेजचा हॉल दुपारी बऱ्यापैकी भरला होता. पहिल्या रांगेत म्हातारी माणसं, मागं कॉलेजची पोरं, आणि सिंधुताई मूळच्या बिलोलीच्या, म्हणून जीप करून आलेले बिलोलीचे काही जण. सिंधुताईंनी ओळख करून दिली. उमाशंकरांनी माइक घेतला. खुर्ची ठेवली होती, ते बसले नाहीत.

सिनेमा सुरू झाला. उमाशंकर पुस्तकातल्यासारख्या शुद्ध मराठीत सांगू लागले. "नागरिकहो, उद्यापासून आपणांस रेल्वेस्थानकाचा लाभ होणार आहे." हॉल शांत होता. स्टेशनमास्तर धडपडला, टोपी उडाली, दोन-चार पोरं हसली, पुन्हा शांत. मागच्या रांगेतला एक जण मोबाइल काढून बसला. उमाशंकरांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली. आपणच ग्लुखोवना मारून टाकतोय असं त्यांना वाटायला लागलं.

तेवढ्यात पडद्यावर पहिली गाडी आली. बँड सुरू झाला, पोरींनी फुलं उचलली आणि गाडी सगळ्यांच्या तोंडावर धूळ फेकून निघून गेली. स्टेशनमास्तर टोपी झटकत रुळाकडं बघून काहीतरी पुटपुटला. उमाशंकर इतके वैतागले होते की त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"आरं, हिच्या मायला, ही तं गेलीच की!"

हॉल फुटला. उमाशंकर दचकले. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं, अंबिका तोंडाला पदर लावून हलत होती. मग ते थांबलेच नाहीत. स्टेशनमास्तर लातूरचं बोलू लागला, त्याची बायको उदगीरचं. वरून आलेला अधिकारी तेवढा शुद्ध मराठीत बोलायचा, आणि त्याला कुणाचंच काही कळायचं नाही. हे ग्लुखोवनी लिहिलेलं नव्हतं, पण बसत होतं.

बिलोलीचे साहेबराव म्हणून एक गृहस्थ मध्येच उभे राहिले. "अप्पा, ह्यांच्याकडं स्टेशन तरी हाय! आमच्याकडं तं ते बी न्हाई, दरसाल निस्ता रेल्वेचा सर्वे!" पुन्हा हशा. कुणीतरी त्यांना खाली बसवलं.

आणि मग ती जागा आली जिथपर्यंत उमाशंकरांना सिनेमा पाठ होता. पुढचं त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर पुन्हा गुरुवार होता. अधिकारी सांगत होता, आज गाडी थांबणार, वरून मंजुरी आलीय. उमाशंकरांचा आवाज खाली गेला. "आज... आज थांबणार म्हणतोय."

गाडी आली. हळू झाली. थांबली.

'वाकले,' उमाशंकरांच्या मनात आलं. त्यांनी माइक खाली घेतला.

डब्याचं दार उघडलं. गार्ड खाली उतरला आणि बघत राहिला. अख्खं गाव प्लॅटफॉर्मवर उभं होतं, नवे कपडे, फुलं, बँड. आणि सगळे हात हलवत होते. निरोपाचे रुमाल हलवत होते, हसत होते. इतकी वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं, दुसरं त्यांना येतच नव्हतं. एक जणही पाऊल उचलेना. गार्डनं हातानं 'या' म्हटलं. लोक आणखी जोरात हात हलवू लागले. शेवटी गार्डनं घड्याळ बघितलं, शिट्टी मारली, गाडी सुटली. बँड वाजतच होता.

हॉलमध्ये आधी हसणं होतं, मग ते विरत गेलं. कुणी तरी "अरे बापरे" म्हणालं. पडद्यावर कॅमेरा हात हलवणाऱ्या चेहऱ्यांवरून जात होता. बँडमधला ट्युबावाला, फुलंवाल्या पोरी, स्टेशनमास्तरची बायको. त्यांच्यामागं एक उंच म्हातारा, टोपी हातात घेऊन हलवत होता. तो आपल्या कोणत्याच सिनेमात कधी उभा राहिला नव्हता. चेहरा फार उतरला होता.

उमाशंकरांचा हात आपोआप वर गेला आणि तसाच राहिला.

पहिल्या रांगेतून अंबिकानं हळूच विचारलं, "ते का?"

"हाव," उमाशंकर म्हणाले. "ते."

पडद्यावर एक म्हातारी स्टेशनमास्तरला काहीतरी विचारत होती. हॉल वाट बघत होता. उमाशंकरांनी माइक तोंडाशी धरला. "म्हातारी इचारती, 'आता पुढल्या गुरुवारी का?' तो म्हणतो, 'हाव आजी. पुढल्या गुरुवारी. येळेवर या.'"

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते, पण उमाशंकरांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते सिंधुताईंना, अंबिकाला, जवळ येईल त्याला सांगत सुटले होते, "थांबवा म्हणले ना? थांबवली त्यांनी! बघितलं ना तुम्ही? थांबवली!" एका पोरीनं विचारलं की मग तरी दाखवला का सिनेमा? "कुठला दाखवतात! ते टकले साहेब काय येडे होते का? कपाटात टाकला. तुम्ही आज बघून राहिलाव, तीच पहिली पब्लिक समजा." मग ते डोळे पुसू लागले आणि पुसता पुसता हसू लागले.

सिंधुताईंनी चहा आणला. ते प्यायले नाहीत. साहेबराव गर्दीतून पुढं आले. "अप्पा, हे बिलोलीत दाखवायला पायजे. लोक कापडं फाडून हसतील. कधी येता?"

"उद्या," उमाशंकर म्हणाले.

"उद्या कसं? उद्या मंडप न्हाई, काही न्हाई."

"परवा मग. आणि सिंधुताई, तो न्हाव्याचा सिनेमा बी असंल तिथं, शोधा तुम्ही. मी वीरेशला सांगतो, मिलच्या आवारात पडदा लावू. हमाल बघतील, त्यांच्या बायका बघतील. तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्याला तीच पब्लिक लागायची..." बोलता बोलता ते दारापर्यंत गेले, परत आले, खिशात मोबाइल शोधू लागले. तो त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

अंबिकानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, तो अजून चालूच होता. तिनं तो सिंधुताईंकडं दिला आणि साहेबरावांना म्हणाली, "शनिवारी येतो आम्ही. मंडप सावकाश घाला. निस्ती एक खुर्ची कमी लावा, हे बसत न्हाईत."