विश्वजितच्या कॅसेटचं दुसरं परीक्षण

तोंडदेखलं कौतुक मला जमत नाही. म्हणूनच जवळपास तीस वर्षांपूर्वी मी पेपरात विश्वजितच्या कॅसेटची सालटी काढली आणि माझा एकुलता एक मित्र गमावला. त्याच्या बँडची ती पहिली आणि शेवटची कॅसेट, 'उन्हातली सायकल'. मराठी गाणी, गिटार-ड्रमवर, तीही औरंगाबादेत, सत्त्याऐंशीच्या दुष्काळात. मी लिहिलं, 'गायक उसना जाड आवाज काढतो आणि बँड जड जेवून आल्यासारखा वाजवतो.' लोक लई हसले. विश्वजितनं गाणं सोडलं आणि तो छावणी भागात वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसला. तेव्हापासून तो रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो.

यंदाही पाऊस नाही. बीड बायपासला माझ्या बिल्डिंगीच्या चौफेर मजल्यांवर मजले चढतायत आणि प्यायचं पाणी टँकरनं येतंय. परवा टँकरची वाट बघत कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. क्रांती चौकातल्या कारागिराकडून टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, वही घेतली आणि ऐकायला बसलो. लग्न करायचं राहून गेलेल्या माणसाला दुपार लई मोठी असते.

पहिलंच गाणं लागलं आणि मी चमकलो. आवाज जाड नव्हताच. विशीतल्या विश्वजितचा स्वच्छ, कोवळा गळा होता आणि ड्रम नुसते पळत होते. वाटलं, कारागिरानं मशीन जोरात फिरवलंय. दुसऱ्या दोन कॅसेटी लावून पाहिल्या, त्या बरोबर वाजल्या. मग आठवलं. तेव्हा लाईट गेली होती, संपादकाला संध्याकाळपर्यंत मजकूर हवा होता आणि मी बॅटरीतले उतरलेले सेल टेपमध्ये घालून ऐकलं होतं. टेप हळू फिरला, आवाज जाड झाला, बँड रेंगाळला. जिवलग मित्राचा गळा मला ओळखू आला नाही, आणि म्हणे मी समीक्षक.

तरी सगळं माफ नाही. कीबोर्ड लग्नाच्या वरातीतला वाटतो. तिसऱ्या गाण्यात चंद्र, चांदणी, मोगरा, सगळा किराणा भरलाय. पण चौथं गाणं कोरड्या नळाखाली घागर लावून बसलेल्या मुलीचं आहे. त्यात मध्येच गिटार थांबते आणि विश्वजित दोन ओळी एकटाच गातो. ते मी तीनदा ऐकलं आणि रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी नवं परीक्षण लिहून छावणीत गेलो. विश्वजित काउंटरमागं काचा पुसत होता, केस पांढरे झालेले. त्यानं कागद शांतपणे वाचला. सेलचं सांगितलं तर हसला.

"मध्या, कीबोर्डचं खरंय," तो म्हणाला. "आणि गाणं काय तुझ्यामुळं सुटलं नाय. कॅसेटी खपल्या नाहीत, बाबा थकले होते."

मला हायसं वाटलं. "म्हणजे तू रागावला नव्हतास?"

"रागावलो होतो की. आठ दिवस." त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मग वाटलं, येईल मध्या रविवारी जेवायला, नेहमीसारखा. आई तर जाईपर्यंत दर रविवारी विचारायची, मधूचं ताट घेऊ का म्हणून."

त्याची आई कधी गेली, तेही मला माहीत नव्हतं.