पितरांच्या पानावरची बकरी

दहिसर नदीकाठच्या आमच्या चाळीत कावळा फिरकत नाही. टॉवर आले, झाडं गेली, कावळे त्यांच्यामागून. मग कुणा शहाण्याने शोध लावला, सर्वपित्रीला बकरीने पान खाल्लं तरी पितर तृप्त होतात. बकऱ्या आमच्या चाळीतल्या वनमालाच्या, पुण्य चाळीचं!

गेल्या वर्षी घराघरातला भात, वडे, खीर खाऊन तिची दुभती बकरी ढोलासारखी फुगली आणि तडफडून मेली. चाळ म्हणाली, भाग्यवान होती. थू असल्या भाग्यावर!

यंदा तिची दुसरी बकरी, चांदणी, गाभण होती. वनमालाने सकाळीच तिला सुकं गवत पोटभर घातलं, पाणी पाजलं आणि बकऱ्यांच्या खोपटाच्या दारात काठी घेऊन बसली.

पहिला आला शेजारचा श्यामसुंदर. हातात केळीचं पान.

"वहिनी, सोडा ना तिला. बाबा वाट बघतायत."

"बघू देत. भात तिच्या पोटात आंबतो, वारा धरतो, श्वास कोंडतो. नाय सोडणार."

"अहो, एकच वडा!"

"प्रत्येक खोली एकच वडा म्हणते. खाणारं पोटही एकच आहे, भावोजी."

"पितरांचा शाप लागेल."

"लागू दे मला. मी निस्तरेन."

मागे रांग लागली. कुणी देवाची भीती घातली, कुणी तिच्या नवऱ्याला फोन लावला. तेवढ्यात तिची सासूच पान घेऊन बाहेर आली. सगळे गालात हसले. आता वाकते सून!

वनमालाने काठी आडवी धरली. "आई, तुमचं पण नाही."

सासू पायरीवर बसली आणि पानातला वडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला.

"वडो माझ्या पोटात गेलो म्हंजे ह्यांका पोचलो. श्यामसुंदरा, तू पण बस. बापाशीक जितो असताना कधी एवढे वडे वाढलंस रे?"

चाळ खिदळली. श्यामसुंदर लाल झाला, पण बसला. मग एकेक पान पायरीवर आलं. माणसांचं जेवण एकदाचं माणसांनी खाल्लं.

संध्याकाळी वनमालाने चांदणीची डावी कूस दाबून पाहिली. मऊ, फुगलेली नाही. चांदणी निवांत रवंथ करत होती. वनमालाने तिला चाळीच्या मधोमध आणून उभं केलं आणि सगळ्या दारांना ऐकू जाईल अशी ओरडली, "बघा रे, उभी आहे माझी!"