मऊ प्लास्टिकचे कप्पे

बेबी बावन्न वर्षांची होती, अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्या मशीनवरून शिवून गेले होते, तरी सगळे तिला बेबीच म्हणत. ते नाव थोरल्या भावानं ठेवलेलं, आणि दादानं ठरवलेलं बदलायची घरात कुणाची टाप नव्हती.

दादा जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. जाताना तो वडिलांची नाणी तिच्या हवाली करून गेला होता. वडील नदीवरच्या लाँचवर तिकिटं फाडायचे. गर्दीत कुणी चलनातून गेलेलं, कुणी परदेशी नाणं त्यांच्या हातात सरकवून निसटायचं. वडील तेवढी भर स्वतःच्या खिशातून घालत आणि ते नाणं घरी आणत. अशी एकशे बारा नाणी कागदाच्या पुड्यांत जपलेली होती. बेबीला वाटलं, पुड्यांत कोंडण्यापेक्षा ती डोळ्यांना दिसावीत. टेबलावर अंथरायचं मऊ पारदर्शक प्लास्टिक तिच्याकडे उरलं होतंच. त्याचे कप्पे शिवून तिनं एक देखणी वही केली, चार जणांना कौतुकानं दाखवली आणि कपाटात ठेवून दिली. त्याला चार वर्षं झाली.

बुधवारी दुपारी दादाचा फोन आला. नोकरी संपली होती, तो कायमचा परत येत होता, आणि नव्या घराच्या भिंतीवर त्याला नाणी लावायची होती. काढून ठेव, शनिवारी येतो, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

बेबीनं वही उघडली. कप्पे आतून चिकट झाले होते. उग्र वास नाकात गेला. नाण्यांवर शेवाळासारखा हिरवा थर चढला होता, आणि एक नाणं ओढून काढलं तर बोटांना तेलकट काहीतरी लागलं. तिनं पानामागून पान उलटलं. एकही पान सुटलं नव्हतं.

दादा ओरडणाऱ्यातला असता तर तिनं कानात बोळे घालून ऐकून घेतलं असतं. पण तो बोलणंच बंद करी. तिनं वडिलांची सायकल त्याला न विचारता भंगारात दिली, तेव्हा तो तीन वर्षं बोलला नव्हता. तिच्या मुलीच्या लग्नात आला, जेवला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. ती पाठ तिला अजून विसरता आली नव्हती.

नवरा छापखान्यातून आला. त्यानं सगळं पाहिलं आणि त्यात काय एवढं म्हणाला. भांडी घासायची पावडर लाव, आरशासारखी होतील, तुझ्या भावाला पत्ताही लागणार नाही. बेबीला तेवढाच धीर आला. तिनं शिडाच्या जहाजाचं एक मोठं चांदीचं नाणं घेतलं आणि घासलं. नाणं लखलखलं खरं, पण शिडाचे बारीक दोर पुसट झाले आणि सगळीकडे ओरखडे उठले. तिनं ते टेबलावर ठेवलं.

गुरुवारी सकाळी शिवायला आलेल्या ब्लाउजांखाली वही लपवून ती जुनी नाणी विकणाऱ्याच्या दुकानात गेली. म्हाताऱ्या नाणेवाल्यानं वही उघडायच्या आधी नुसती हुंगली आणि मान हलवली.

"हे कुणी केलं?"

मुलीचं नाव सांगावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. "मीच," ती म्हणाली.

"घासलंय एखादं?"

"एक."

"एकच ना? मग बसा."

मऊ प्लास्टिक घाम सोडतं आणि तो घाम नाण्याला खातो, हे त्यानं समजावलं. शुद्ध अॅसिटोन आणायचं, नेलपॉलिश काढायचं पाणी नव्हे. काचेच्या वाटीत नाणं बुडवायचं, घासायचं नाही, कडेनंच धरायचं. खिडक्या उघड्या हव्यात आणि घरात कुठेही आग नको. थर निघेल, पण खाली खड्डे पडले असतील तर ते जन्माचे.

मग त्यानं काउंटरवर नाणी ठेवायची साधनं मांडली. बेबीचा डोळा मखमल लावलेल्या लाकडी पेटीवर गेला. नाणेवाल्यानं ती बाजूला सारली. लाकूड आणि गोंद दोन्ही वाफ सोडतात, चांदी काळी पडते, दिसायला देखणं तेवढंच. राहिली दोन. एक, मधोमध पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट, नाणं आत ठेवून कडेनं पिना मारायची. दुसरी, कडक पारदर्शक गोल डबी, प्रत्येक नाण्याच्या मापाची, भिंतीवरच्या फ्रेममध्ये बसणारी. बेबी त्या डबीकडे बघतच राहिली. आपण हिलाही भुलतोय का, अशी धास्ती तिला वाटत होती. तिनं डबी नाकाशी नेली, वाकवून पाहिली, तीनदा विचारलं. शेवटी भिंतीवर शोभतील अशा चाळीस नाण्यांना डब्या आणि बाकीच्यांना चौकटी असं ठरवून तिनं एकेका नाण्याचं माप लिहून घेतलं आणि सगळं विकत घेतलं. माप घेणं तेवढं तिच्या रोजच्या हातातलं काम होतं.

शुक्रवारी तिनं नवऱ्याला सिगरेटच्या पाकिटासकट घराबाहेर काढलं. एकेक नाणं कडेनं धरून तिनं वाटीत सोडलं. हिरवं सुटून तरंगायचं, आणि खाली काय निघेल ते बघायला ती डोळे किलकिले करायची. शंभर नाणी वाचली. अकरांवर खड्डे राहिले. आणि ते घासलेलं एक.

शनिवारी दादा आला. वाईट बाजू खाली करून डब्या बंद कराव्यात, हा विचार तिच्या मनात सकाळपासून दहादा येऊन गेला होता. पण तो खुर्चीत बसला आणि तिनं चहा ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. दादानं जहाजाचं नाणं उचललं.

"हे कुणी घासलं?"

नवऱ्यानं वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

"मी," बेबी म्हणाली.

दादानं नाणं ठेवलं आणि तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तीच पाठ. तिनं केलेला चहा निवून त्यावर साय धरली, तरी तो वळला नाही. बेबी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दादा, हवं ते बोल मला, पण गप्प राहू नकोस. मला तुझ्या रागाची नाही, गप्प बसण्याची भीती वाटते. त्या तीन वर्षांत मी रोज फोनपाशी जाऊन परत यायची."

तो वळला. त्याला हे ठाऊकच नव्हतं, असा त्याचा चेहरा झाला होता.

"मला बोलायला सुचत नाही गं," तो म्हणाला. "सगळं आयुष्य इंजिनाशेजारी काढलं, तिथे कोण बोलतं? मग दिवस जातात, आणि नंतर लाज वाटते." मग जहाजाच्या नाण्याकडे बघत तो म्हणाला, "राग आलाय मला. लगेच जाणार नाही."

"नाही गेला तरी चालेल."

तो येऊन टेबलाशी बसला, खड्डे पडलेली अकरा नाणी एकेक करून उजेडात धरली, आणि हिरवं पुन्हा येईल का म्हणून विचारलं. दर दोन महिन्यांनी बघायला नाणेवाल्यानं सांगितलंय, ती म्हणाली.

"मग दर दोन महिन्यांनी तू ये. मला एकट्याला नाही जमायचं."

त्यानं एक नाणं डबीत टाकून झाकण दाबलं. ते आत खुळखुळलं. ती मोठ्या मापाची आहे, बेबीनं सांगितलं आणि बरोबर मापाची डबी पुढे केली. डबीचा खालचा भाग दादानं धरून ठेवला आणि झाकण बेबीनं दाबलं.