ओल्या वाळूतली आखणी

अंबाजी सुतार म्हणजे माझा नवरा. नाव घेतलं तर घेतलं, आता लाजायचं कुणाला? रेवदंड्यात होड्या बांधायचा. दोन वर्षं त्याच्या डोक्यात एकच होडी घोळत होती, ओहोटीतही खाडीच्या तोंडाशी वाळूत न रुतणारी. जेवताना हवेत बोट फिरवायचा आणि भात गार व्हायचा.

"अवो, ती होडी आदी जमिनीवर उतरवा, मंग जेवा," मी म्हणायचे.

छप्पन सालच्या चैत्रात त्यानं ती उतरवली. आमच्या धंद्यात कागद नसतो. होडी खऱ्या मापात जमिनीवर आखायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत आपला हात लावून मोजायची. अंगण अपुरं पडलं, म्हणून हा शहाणा भरतीच्या रेषेखाली ओल्या वाळूत आखून आला. तिथं आखू नये, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सकाळी पाहिलं तर भरती येऊन गेली होती आणि रेघा तशाच होत्या. तशाच कसल्या, सुधारलेल्या होत्या! पोट रुंद झालं होतं, पुढचं टोक निमुळतं झालं होतं.

"बापूस दाखवतोय," अंबाजी हरखून म्हणाला. माझे सासरे पाच वर्षांपूर्वी समुद्रात गेले ते परतले नव्हते.

त्यानं त्याच मापानं होडी बांधली. श्रावणात खाडीत सोडली तेव्हा ती वाळूवरून अलगद सरकली, लोकांनी तोंडात बोटं घातली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? नारळी पौर्णिमेला तो ती घेऊन समुद्रात जाणार होता.

दोन दिवस आधी, वाळूत अजून तशीच असलेल्या आखणीत, मागच्या बाजूला, एक लांबट चौकोन उमटला.

"मासली ठेवाया जागा हाय," तो म्हणाला.

"तुमचा हात लावा बगू."

त्यानं लावला. साडेतीन हात भरले. माणूस आपापल्या हातानं तेवढाच असतो. तो हसला, पण माझ्याकडे बघेना.

"मी जानारच," म्हणाला.

तो घरी वळल्यावर मी कुऱ्हाड घेतली आणि होडीचा तळ फोडला. आवाज ऐकून तो परत धावत आला. फळ्यांपाशी बसून रडला. दोन वर्षांचं स्वप्न मी मोडलं होतं, जीव तुटला माझा. पण नवरा वाचला, मला तेवढं पुरे होतं.

सकाळी एकटीच किनाऱ्यावर गेले. होडीच्या रेघा पुसल्या होत्या. चौकोन मात्र होता, कालच्यापेक्षा आखूड. मी गुडघ्यांवर बसले आणि माझा हात लावला.

एक, दोन, तीन, आणि वर बरोबर अर्धा.