गिऱ्हाइकांसाठी बेल

आमच्या दारावरची बेल कित्येक वर्षं बंद होती. मी सांगून सांगून थकले, पण नवरोबांचं उत्तर ठरलेलं. "लोक हाका मारतात की! अडलंय कुठे?"

मग घर विकायचं ठरलं आणि एजंट म्हणाला, "दर्शनी भाग झकास हवा." झालं! दाराला चकचकीत रंग लागला, गंजक्या कडीच्या जागी पितळी मूठ आली, दोन्ही बाजूंना कुंड्या बसल्या. नवी, सुरेल बेलसुद्धा आली. "ती गिऱ्हाइकांसाठी आहे, उगाच वाजवून झिजवू नका," अशी वर एजंटची ताकीद. बरोबरच आहे. आम्ही काय, नुसते राहणारे!

रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. आम्ही दोघं नटूनथटून सोफ्यावर बसलो. कुठेतरी बेल वाजली. पुन्हा वाजली. वाजतच राहिली.

नवरोबा वैतागले. "शेजाऱ्यांचे कान फुटलेत का? माणसं दारात ताटकळतायत आणि हे ढिम्म!"

मीही मान डोलावली. आपल्या दाराला आवाज असतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळाने एजंटचा फोन आला. "घरी नव्हतात का? गिऱ्हाईक परत गेलं. दार मात्र फार आवडलं म्हणाले."