दोन पेट्यांच्या मधोमध

माझ्या सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा, आवाज जाडा होता. अमरावतीच्या आमच्या फुलमळ्यात त्या तण निंदताना गायच्या, तेव्हा बांधावरची माणसं पाय थांबवत. त्रेचाळीस साली बार्शीटाकळीला त्यांचं कीर्तन झालं, तिथे भाड्यानं आणलेला पत्र्याचा भोंगा होता. भोंगा शब्द शिवेपर्यंत पोचवतो, पण आवाजाचं पोट कापून टाकतो. "म्हातारी नाकातून गाते," म्हणून लोक हसले. पुढे वर्षभर त्या मळ्यातसुद्धा गायल्या नाहीत.

आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी कागदी पडद्याचे दोन स्पीकर मिळवले. नुसता उघडा वाजवला, की पुढचा आवाज मागच्या आवाजात विरून जाई. चहाच्या लाकडी खोक्यात बसवून मागून फळी ठोकली, तेव्हा सासूबाईंचा आवाज छातीतून आल्यासारखा वाटला. अशा दोन पेट्या झाल्या.

अकोल्याहून कीर्तनाचं बोलावणं होतं. सासूबाईंनी ऐकलं आणि देव्हाऱ्याकडे हात जोडून म्हणाल्या, "अकोल्याले गाईन. पण भगवंता, याही खेपेले लोक हसले, तं मले पुन्हा गा म्हणू नको."

निघायच्या पहाटे पेट्यांची पूजा मी केली. सासूबाई विधवा, त्या कुंकवाला हात लावत नसत. पेटीच्या पाठीला तार जोडायची दोन टोकं होती. ह्यांनी प्रत्येक पेटीच्या एका टोकाला कुंकू लावलेलं, दुसरं कोरं. मला ते बघवेना. मी कोऱ्या टोकांनाही कुंकू लावलं.

अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, दुपारी चारला पटांगण भरलं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मधे वाट. दोन बाजूंना दोन पेट्या. हे डाव्या पेटीजवळ आवाज वाढवायचं यंत्र घेऊन बसले. मी वाटेच्या कडेला.

सासूबाईंनी पहिला अभंग धरला. शब्द येत होते, आवाजाला पोट नव्हतं. कोणी विहिरीच्या तोंडावर सूप धरावं तसं. मागून एकजण म्हणाला, "बाईले ताप हाये काय?" त्याच्याजवळचे दोघे हसले. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांचा टाळ मंद झाला.

मी वाटेनं सरळ पुढे गेले. सून माणसानं असं जायचे दिवस नव्हते ते.

"आवाज पोकळ येते," मी ह्यांना म्हणाले.

"चांगला तं येऊन राह्यला. जाय, बस जागेवर."

त्यांच्या पेटीपाशी तो खरंच चांगला होता. सांगून पटलं नसतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि चारशे माणसांदेखत त्यांना वाटेच्या मधोमध आणून उभं केलं. बायकांत कुजबुज झाली. ह्यांचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग आवाज कानावर पडला तसा उतरला.

"तारा उलट्या लागल्या. एक पेटी हवा ढकलते तवा दुसरी ओढून राह्यली," ते पुटपुटले. "पण म्या तं कुंकवाची खूण पाहून जोडलं."

"कुंकू दोन्ही टोकाले हाये," मी म्हणाले. "म्या लावलं. मले वाटलं, एक कोरं राह्यलं."

मला वाटलं, आता हे हात उचलतील. तिकडे सासूबाईंनी टाळ खाली ठेवला.

हे पळत उजव्या पेटीमागे गेले आणि त्यांनी दोन्ही तारांची अदलाबदल केली. मी सासूबाईंकडे पाहून हात जोडले, एकच ओळ, म्हणून. त्यांनी टाळ उचलला नाही. नुसतीच ओळ घेतली.

जाडा, भरलेला आवाज वाटेच्या मधोमध माझ्या अंगावर आला. मागचा तो माणूस मांडी घालून नीट बसला. सासूबाईंनी स्वतःचाच आवाज ऐकला आणि टाळ उचलला. दिवेलागणीपर्यंत तो खाली ठेवला नाही.

परतताना गाडीत ह्यांनी आईला सगळं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"तिले कायले बोलतं?" सासूबाई म्हणाल्या. "कोरं टोक तिच्यानं पाह्यवलं नाही, तं लावलं. आता एकाले कुंकू लाव, दुसऱ्याले हळद. खूणही राह्यते अन् कोणी कोरंही राह्यत नाही."